पिंजरा उघडल्यावर

शाळेत मी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. अन्नसाखळीच्या धड्याला फळ्यावर गवत, मग म्हैस आणि टोकाला गिधाड काढायचो. माझा चित्रकलेचा हात बेताचाच, त्यामुळे गिधाडाच्या खाली नाव लिहावं लागे. सुरुवातीच्या वर्षांत मुलं ते चित्र बघून हसायची, कारण खरं गिधाड कसं दिसतं ते त्यांना ठाऊक होतं. कोपरीच्या खाडीच्या अंगाला मेलेलं जनावर पडलं की आभाळातून ती उतरायची आणि मुलं लांबून बघत उभी राहायची. पुढे पुढे मुलं हसेनाशी झाली. माझं चित्र काही सुधारलं नव्हतं. ते ताडून बघायला पक्षीच उरला नव्हता.

त्या मुलांपैकी काही आता मोठी झाली आहेत. रविवारी सकाळी दुर्बीण घेऊन खाडीवर जातात आणि संध्याकाळी एकमेकांना वाचलेलं-ऐकलेलं सांगतात. त्या बैठकांमधल्या टिपणांची ही पुस्तिका आहे. विषय एकच: नाहीसे होत चाललेले पक्षी माणसाने वाढवून पुन्हा रानात सोडायचे, तर नेमकं काय करावं लागतं? त्यांनी माझ्याकडे दोन पानी प्रस्तावना मागितली होती. ती दोन पानांत बसली नाही, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

आधी शब्दाचं बघू. या कामाला कुणी 'पुनर्वसन' म्हणतं, कुणी 'पुनर्स्थापना'. आमच्या कोपरीत 'पुनर्' ऐकलं की पुढे 'विकास' येतो आणि डोळ्यांसमोर इमारत उभी राहते. पण ही तुलना अगदीच वाया जाणारी नाही. जुनी चाळ पाडली, माणसं चार-पाच वर्षं भाड्याच्या घरात राहिली आणि चावी घेऊन परत आली. घर तेच म्हणायचं, पण शेजार बदललेला, वाण्याचं दुकान गेलेलं, पाण्याची वेळ वेगळी. चावी हातात पडली म्हणजे माणूस परत आला असं होत नाही. पक्ष्याचंही तसंच असतं. पिंजऱ्याचं दार उघडतानाचा फोटो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतो, आणि काम खरं तर तिथून पुढे सुरू होतं.

गिधाडं गेली कशी, हे समजल्याशिवाय ती परत आणण्याची भाषा करता येत नाही. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश पक्ष्यांवर काम करत होते. 1980च्या दशकात त्यांनी तिथे पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची शेकडो घरटी मोजली होती. दहा वर्षांनी पुन्हा बघितलं तर घरटी निम्म्याहूनही कमी झाली होती, झाडांखाली मेलेले पक्षी पडले होते आणि जिवंत असलेले मान खाली टाकून बसले होते. 1999 मध्ये त्यांनी हे सोसायटीच्या नियतकालिकात मांडलं. पहिला संशय विषाणूवर होता, कीटकनाशकांवरही होता. खरं कारण 2004 मध्ये सापडलं, तेही पाकिस्तानातल्या पंजाबात. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की गुरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफिनॅक गिधाडांना मारत होतं. औषध दिल्यावर थोड्या दिवसांत जनावर मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं की त्याचं मूत्रपिंड बंद पडतं. युरिक आम्ल बाहेर पडत नाही, आतल्या अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर साचतो आणि पक्षी काही दिवसांतच मरतो.

1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं 99.9 टक्क्यांनी कमी झाली. हजारातलं एक उरलं. लांब चोचीच्या गिधाडाची घट सुमारे 97 टक्के. जगात इतक्या झपाट्याने कमी झालेले पक्षी फार थोडे आहेत.

इथे वर्गात एक प्रश्न हमखास यायचा: सगळ्याच गुरांना काही डायक्लोफिनॅक देत नाहीत, मग सगळी गिधाडं कशी मेली? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर या पुस्तिकेचं अर्धं सार आहे. ऱ्हासाचा हा वेग यायला किती जनावरांत विष असावं लागेल, याचं गणित शास्त्रज्ञांनी 2004 मध्येच मांडलं होतं. उत्तर आलं 760 मढ्यांमागे एक ते 130 मढ्यांमागे एक, एवढंच. प्रत्यक्षात भारतभरातून नमुने गोळा केले तेव्हा दहातल्या साधारण एका मढ्यात औषध सापडलं.

इतकं कमी विष पुरतं, कारण गिधाडाचं आयुष्यच तसं बेतलेलं आहे. चिमणीचा संसार आणि गिधाडाचा संसार यांचा हिशोब वेगळा. चिमणी वर्षाला दोन-तीन वेळा अंडी घालते, तिची पिल्लं खूप मरतात आणि तिचा संसार त्यावरच उभा आहे. गिधाड चार-पाच वर्षांचं झाल्याशिवाय वयात येत नाही, आणि मग जोडीला वर्षाला एकच अंडं. फळ्यावर करायचो तसा हिशोब करू. समजा वयात आलेल्या गिधाडांपैकी वर्षाला शंभरातली पाच मरतात. मग एका पक्ष्याला सरासरी वीस वर्षं मिळतात. जोडीची वीस अंडी. त्यातली निम्मी पिल्लं उडाली तर दहा, आणि त्या दहांतली दोन वयात आली की आईबापांची जागा भरली. आता तेच मरण शंभरात वीस करा. मिळाली पाच वर्षं, पाच अंडी, अडीच पिल्लं. पिल्लंही तीच मढी खातात. दरवर्षी शंभरातली वीस जात राहिली तर पाच वर्षांनी शंभरातली तेहतीसच उरतात. अडीच पिल्लांतून एकही धड वयात येत नाही. दोन गेली, एकही आलं नाही. वही मिटा.

या हिशोबाचा एक निष्कर्ष मुलांना कधी आवडला नाही, पण तो खरा आहे. गिधाडांच्या बाबतीत पिल्लांपेक्षा म्हातारी महत्त्वाची. वर्षाला दहा पिल्लं जास्त जगवण्यापेक्षा दहा मोठी गिधाडं मरू न देणं जास्त मोलाचं. वर्तमानपत्रात मात्र फोटो पिल्लाचाच येतो.

केंद्र सरकारने 2006 मध्ये गुरांसाठीचं डायक्लोफिनॅक बंद केलं. मग माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचू लागल्या. म्हणून 2015 मध्ये माणसांसाठीचं इंजेक्शनही तीन मिलिलिटरच्या छोट्या कुपीतच विकायचं असा नियम झाला. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि हरल्या. तोवर दुसरी औषधं बाजारात आली होती. त्यातली अॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन ही दोन 2023 मध्ये गुरांसाठी बंद झाली आणि 2024 च्या अखेरीस निमेसुलाइड. मेलॉक्सिकॅम तपासून बघितलं आहे, ते गिधाडांना चालतं. म्हणजे मूळ रोगावरचा उपाय रानात नाही, औषधाच्या दुकानात आहे. ज्यांना पक्षी सोडण्याची घाई आहे त्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

बाहेर विष असताना निदान बीज तरी राखून ठेवावं म्हणून हरियाणात पिंजोरला राज्याचं वनखातं आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी गिधाडांचं प्रजननकेंद्र उभारलं. पुढे बंगालमध्ये राजाभातखावा, आसामात राणी आणि मध्य प्रदेशात भोपाळजवळ केरवा इथे तशीच केंद्रं झाली. पिंजोरला पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडाचं पिल्लू पहिल्यांदा नीट वाढलं ते 2008 मध्ये. वर्षाला एकच अंडं या अडचणीवर एक युक्ती आहे. पहिलं अंडं लवकर काढून घेतलं तर कधी कधी मादी दुसरं घालते, आणि पहिलं यंत्रात उबवता येतं. केंद्रातल्या गिधाडांना खायला बकरीचं मांस देतात, पण बकऱ्या आधी काही दिवस ठेवून घ्यायच्या, म्हणजे अंगात औषध असेल तर निघून जातं. हे सगळं वाचताना मला सरकारी दप्तर आठवतं, इतकं ते बारीकसारीक आणि कंटाळवाणं आहे. पण यश अशाच कंटाळवाण्या कामात असतं.

आता दुसरा अर्धा भाग, वर्तनाचा. पक्षी मोजता येतात, पण त्यांना काय येतं आणि काय येत नाही, ते मोजायचं कसं? गिधाडाला वासाने अन्न सापडत नाही. ते बघतं, आणि मढ्यापेक्षा जास्त दुसऱ्या गिधाडांकडे बघतं. आभाळात मैल-मैल अंतराने ही घिरट्या घालत असतात. एक खाली झुकलं की शेजारच्याला कळतं, त्याच्याकडे बघून पलीकडच्याला कळतं आणि अर्ध्या तासात पन्नास जमतात. आता आभाळात गिधाडच नसेल तर सोडलेल्या एकट्या गिधाडाने बघायचं कुणाकडे? थवा विरळ झाला की प्रत्येकाचं जगणंही अवघड होतं. म्हणून एखाद-दुसरं न सोडता गट सोडावा लागतो, आणि जवळ रानातली गिधाडं असतील तर फारच उत्तम. पिंजोरजवळच्या बीर शिकारगाहमध्ये ऑक्टोबर 2020 मध्ये केंद्रात वाढलेली आठ पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं सोडली, त्याआधी ती तिथल्याच मोठ्या पिंजऱ्यात ठेवली होती. पिंजऱ्याबाहेर खाणं टाकलं की रानातले पक्षी येतात, आतले त्यांना बघतात, बाहेरचे आतल्यांना बघतात. दार उघडण्याआधीची ही ओळख फार मोलाची.

अमेरिकेत कॅलिफोर्निया कॉन्डॉर या तिथल्या गिधाडाच्या बाबतीत हा धडा बराच महाग पडला. 1982 मध्ये जगात 22 कॉन्डॉर उरले होते. 1987 पर्यंत रानातला शेवटचा पक्षीही पकडून पिंजऱ्यात आणला, तेव्हा एकूण 27 झाले. पिल्लांना माणसांची सवय लागू नये म्हणून कॉन्डॉरच्या डोक्यासारखी बाहुली हातात चढवून त्यांना भरवायचे. 1992 पासून सोडायला सुरुवात झाली, आणि सोडलेले तरुण पक्षी विजेच्या तारांवर आदळून मरू लागले. काही तर गावात उतरून माणसांच्या वस्तू फाडू लागले. बाहुलीने त्यांना पोसलं होतं, वाढवलं नव्हतं. मग पिंजऱ्यातच खोटे विजेचे खांब उभे केले, त्यांवर बसलं की हलका झटका बसेल असे. शिवाय तरुणांबरोबर मोठे, जाणते पक्षी ठेवले. आमच्याकडे आजी-आजोबा घरात असावेत असं म्हणतात, तेच तिथे लाखो डॉलर खर्चून कळलं.

महाराष्ट्रात हे काम अगदी अलीकडचं आहे. जानेवारी 2024 मध्ये पिंजोरहून वीस गिधाडं आणली. दहा पांढऱ्या पुठ्ठ्याची ताडोबात बोटेझरीला आणि दहा लांब चोचीची पेंचमध्ये. त्यांना काही महिने तिथल्याच पिंजऱ्यांत ठेवलं, हवामानाची आणि आजूबाजूच्या आवाजांची सवय होऊ दिली, पाठीवर ठावठिकाणा कळवणारी यंत्रं बसवली आणि ऑगस्टमध्ये दार उघडलं. 2025 मध्ये मेळघाटातही गिधाडं आणली.

पेंचमधलं एक लांब चोचीचं गिधाड नाशिक जिल्ह्यापर्यंत आलं. त्र्यंबकच्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची जुनी वस्ती आहे, त्यामुळे ऐकताना बरं वाटलं. शेजारच्या इगतपुरी तालुक्यात टाकेद आहे, जटायू तिथे पडला अशी लोकांची श्रद्धा. विदर्भात सोडलेला पक्षी त्याच डोंगररांगेकडे यावा, यात मला काही चमत्कार दिसत नाही. कडे जिथे आहेत तिथे कड्यांवर राहणारा पक्षी जाणारच. तरी गंमत वाटली, हे कबूल करतो.

ताडोबातलं 'एन-11' हे पांढऱ्या पुठ्ठ्याचं गिधाड मात्र सगळ्यांच्या पुढे गेलं. छत्तीसगड, गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक असं करत सुमारे चार हजार किलोमीटर उडून ते तामिळनाडूत पोचलं. बातम्या आल्या, कौतुक झालं. नंतर पुदुक्कोट्टई जिल्ह्यात विजेचा धक्का बसून ते मेलं.

हे टिपण बैठकीत वाचलं तेव्हा एका मुलीने विचारलं, 'मग ते यश की अपयश?' मी तिला तेव्हा उत्तर दिलं नाही, इथे देतो. पिंजऱ्यात जन्मलेला पक्षी महिनोन् महिने स्वतःचं अन्न शोधत पाच राज्यं ओलांडतो, म्हणजे पक्षी वाढवण्याचं आणि सोडण्याचं काम चोख झालं होतं. कमी पडली ती जमीन. गिधाडांच्या वस्तीभोवती शंभर किलोमीटर त्रिज्येचा पट्टा विषमुक्त करायचा, अशी 'सुरक्षित क्षेत्रा'ची कल्पना आहे. कल्पना चांगलीच आहे. तो पट्टा तीस हजार चौरस किलोमीटरहून मोठा होतो, म्हणजे कितीतरी जिल्हे. पण तरुण गिधाडाच्या दृष्टीने ते अंगण. लग्नाआधी जग बघायला निघालेल्या पोराला तुम्ही अंगणाची हद्द सांगून काय उपयोग? खोट्या खांबांवर शिकवणी घेता येईल, आणि घ्यावीही. पण माझ्या मते पक्ष्याला शिकवण्यापेक्षा तार झाकणं सोपं आहे. शिकवणी प्रत्येक पिल्लाची वेगळी घ्यावी लागते, तार एकदाच झाकावी लागते.

आणखी एक वाद या पुस्तिकेत पुन्हा पुन्हा येतो, तो गिधाडांच्या 'उपाहारगृहांचा'. गडचिरोलीत, नाशिकच्या हरसूलकडे, रायगडात फणसाडला अशा जागा केल्या आहेत, जिथे तपासलेलं मेलेलं जनावर गिधाडांसाठी ठेवतात. रायगडात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला गावकऱ्यांनी आणि महाडच्या सिस्केप संस्थेच्या प्रेमसागर मेस्त्री यांनी गिधाडांची वस्ती अशीच जपली. टीकाकार म्हणतात, आयतं खाऊन पक्षी आळशी होतात. मला हा आक्षेप पटत नाही. गिधाड हजारो वर्षं माणसाच्या गुरांवरच जगत आलं आहे. त्याला आयतं मिळणं ही विकृती नव्हे, ती त्याची वहिवाट आहे. धोका वेगळा आहे. उपाहारगृह चालवायला दरमहा कुणीतरी जनावर आणावं लागतं, तपासावं लागतं, आणि ते करणारा माणूस थकला की गिधाडं पुन्हा गावोगावच्या संशयास्पद मढ्यांकडे वळतात.

माळढोकाचं टिपण सर्वांत छोटं आहे, आणि ते छोटंच असायला हवं होतं. सोलापूरजवळ नान्नजला 1979 मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं, ते इतकं मोठं की पुढे बराच भाग वगळावा लागला. आता राजस्थानात जैसलमेरजवळ सम इथे रानातली अंडी उबवून माळढोक वाढवतात. ते वाढतात, त्यांची पिल्लंही होतात. उद्या त्यातले काही सोलापूरला आणायचे ठरले तर कुठे सोडायचे? माळ म्हणजे पडीक जमीन, असं आपण सातबाऱ्यावर लिहून मोकळे झालो आहोत. आधी तो शब्द बदलावा लागेल.

आणि प्रत्येक पक्षी पिंजऱ्यातून आणावा लागतो असंही नाही. रानपिंगळा 1884 नंतर कुणाला दिसला नाही, सगळे तो संपला असं धरून चालले होते, आणि 1997 मध्ये तो नंदुरबारकडे शहाद्याजवळ सापडला. 2014 मध्ये तर आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात दिसला. मुंबईकर ज्या तलावाचं पाणी पितात त्याच्या काठच्या रानात तो होता, आपण बघितलंच नव्हतं. फ्लेमिंगोंचं तर काय सांगावं. कोपरीतून खाडीकडे दहा मिनिटं चाललं की थंडी-उन्हाळ्यात ते गुलाबी पट्ट्यासारखे दिसतात. त्यांना कुणी आणलं नाही, कुणी सोडलं नाही. चिखलात खायला मिळालं म्हणून ते आले. 2015 मध्ये खाडीचं अभयारण्य झालं, 2022 मध्ये रामसर स्थळांच्या यादीत नाव आलं, ते सगळं पक्ष्यांच्या नंतर. पण फ्लेमिंगो दुसरीकडे भरपूर होते म्हणून इथे येऊ शकले. हजारातलं एक उरलेल्या पक्ष्याला तशी वाट बघता येत नाही, म्हणून पिंजोर.

पुस्तिकेत दोष आहेत. काही टिपणं परीक्षेच्या उत्तरासारखी झाली आहेत, तो दोष माझ्या शिकवण्याचा. गिधाडं संपल्यावर भटकी कुत्री वाढली आणि माणसांचं आरोग्य ढासळलं, यावर अर्थशास्त्रज्ञांनी केलेलं काम शेवटच्या टिपणात आहे. 2000 ते 2005 या काळात भारतात सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू, असा त्यांचा अंदाज आहे. तो अंदाज आहे हे लक्षात ठेवून वाचावा, पण वाचावाच. 'गिधाडं नसली तर आपलं काय बिघडतं?' असं विचारणाऱ्या शेजाऱ्याला तेवढं एक टिपण पुरे.

वाचकांना एक विनंती. कोपरीतल्या बऱ्याच घरांची मुळं मुरबाड, शहापूर, जुन्नर, संगमनेरकडे आहेत आणि तिथे अजून कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यात गुरं आहेत. गणपतीला गावी जाल तेव्हा गोठ्यातल्या फळीवरची औषधाची बाटली उचलून तिच्यावरचं नाव वाचा. डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक, किटोप्रोफेन किंवा निमेसुलाइड असेल तर गुरांच्या डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम द्यायला सांगा. ते सहज मिळतं. आणि पाठीवर यंत्र किंवा पंखावर आकड्याची पट्टी असलेलं गिधाड कुठे बसलेलं दिसलं, तर जवळ न जाता वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

कोपरी, ठाणे (पूर्व)